तीन डबे, लोहाऱ्याचा दगड आणि बोअरचं पाणी

(ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आजच्या विषयाचं नाव ऐकून अर्धे जण पुढचा भाग लावतील, म्हणून आधीच सांगतो. विषय आहे मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण. थांबा, पळू नका. यात टाटांची एक गोष्ट आहे, मोहाच्या दारूची एक आहे, आणि शेवटी तुमच्या घरच्या पिण्याच्या पाण्याची आहे. ती शेवटची गोष्ट सांगायची होती म्हणून तर हा सगळा खटाटोप.

माझी भाची वरोरा तालुक्यात आठवीत आहे. मी पुण्यात कोड लिहितो, ती रात्री फोनवर मला विज्ञानातलं विचारते. मागे तिने विचारलं, "मामा, हे तीन डबे पाठ करून होते काय? सोनं मूलद्रव्य, पाणी संयुग, हवा मिश्रण. दोन मार्क. मग?"

प्रश्न बरोबर आहे. बीटेकला केमिस्ट्रीचा एक पेपर आम्हालाही होता, तिथेही "व्याख्या लिहा, तीन उदाहरणे द्या" एवढंच. पण माझ्या कामाच्या अंगाने बघितलं तर उत्तर सोपं आहे. कोडमध्ये आम्ही प्रत्येक गोष्टीचा टाइप ठरवतो. हा आकडा, ही अक्षरं, ही तारीख. कशासाठी? तर पुढे त्याच्यावर काय करता येईल ते कळावं म्हणून. आकड्यांची बेरीज होते, दोन माणसांच्या नावांची होत नाही. केली तर प्रोग्राम तरी झोपतो, नाहीतर निकाल चुकीचा येतो आणि कुणाला कळत नाही. या तीन डब्यांचंही तसंच आहे. समोरची वस्तू कोणत्या डब्यातली आहे, यावरून ती वेगळी कशी करायची ते ठरतं.

आजीला सुपात तांदूळ पाखडताना बघितलंच असेल. कोंडा उडून जातो, खडे बोटांनी निवडायचे, तांदूळ राहतो. पाखडण्याआधीही तांदूळ तांदूळच होता आणि खडा खडाच होता. एका किलोत पाच खडे असोत की पन्नास, दोन्हीला आपण "खड्यांचा तांदूळ" म्हणणार. हे मिश्रण. प्रमाण कितीही चालतं, घटकांचे गुण तसेच राहतात, आणि सूप, चाळणी, चुंबक, गाळणी, उकळणं अशा साध्या उपायांनी ते वेगळे होतात.

आता दुसरा डबा. तुळशीवृंदावनाला, ओट्याला लावायचा गेरू घ्या. त्याचा लाल रंग हेमेटाइटचा, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनच्या संयुगाचा. गेरूला चुंबक लावून बघा, खिळा उडून चिकटतो तसा तो चिकटणार नाही. आत लोखंड आहे, पण लोखंडाचा गुण गायब. ऑक्सिजनचाही गुण गायब; गेरूत नाक खुपसून कुणाला श्वास घेता येत नाही. आणि प्रमाण ठरलेलं. शुद्ध हेमेटाइट कुठलंही घ्या, एट्टापल्लीचं घ्या नाहीतर ब्राझीलचं, १०० किलोत लोखंड साधारण ७० किलो आणि ऑक्सिजन ३० किलो. ७१ नाही, ६५ नाही.

मग खाणवाले "६२ टक्के लोखंडाचं खनिज", "६५ टक्क्यांचं खनिज" असं का बोलतात? कारण खाणीतून निघतो तो दगड. दगडात हेमेटाइट असतं, सोबत वाळू असते, माती असते. म्हणजे दगड हे मिश्रण, आणि त्यातलं हेमेटाइट हे संयुग. डब्यात डबा. यावरून एक उपयोगी गोष्ट हाती लागते. उद्या व्हॉट्सॲपवर कुणी "आमच्या डोंगरात ८० टक्के लोखंडाचं हेमेटाइट सापडलं" असा मेसेज टाकला, तर प्रयोगशाळेत न जाता तुम्ही सांगू शकता की हे खोटं आहे. हेमेटाइटमध्ये ७० च्या वर लोखंड मावतच नाही.

दगडातली माती काढायला तो फोडा, धुवा, चाळा. हे सुपाचंच काम, फक्त मोठ्या यंत्रांनी. पण लोखंडापासून ऑक्सिजन सोडवायचा तर सूप कामाचं नाही. ऑक्सिजन लोखंडाला घट्ट धरून बसलाय. त्याला ओढून नेणारं दुसरं काहीतरी हवं, आणि भरपूर उष्णता हवी. ते दुसरं काहीतरी म्हणजे कार्बन. मध्य भारतात आदिवासी लोहार हे शेकडो वर्षं करत आले. मातीची छोटी भट्टी, लाकडाचा कोळसा, कातड्याचा भाता. लाकडाचा कोळसा बहुतांशी कार्बनच. तो जळताना तयार होणारा वायू खनिजातला ऑक्सिजन घेऊन निघून जातो आणि खाली लोखंडाचा गोळा राहतो.

आता टाटांची गोष्ट.

१८८२ साल. जमशेटजी टाटांची नागपूरला एम्प्रेस मिल सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. त्यांच्या हाती एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. तज्ज्ञाचं नाव रिटर फॉन श्वार्झ. अहवालात म्हटलं होतं की लोखंडाचा सगळ्यात सोयीच्या जागी असलेला साठा चांदा जिल्ह्यात आहे, लोहारा गावाजवळ. चांदा म्हणजे आपलं आजचं चंद्रपूर, आणि गडचिरोलीसुद्धा, कारण गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. लोहारा, नावातच लोह. आणि जवळच वरोऱ्याला कोळसा. खनिज आहे, कोळसा आहे, नागपूर जवळ आहे. आणखी काय पाहिजे?

जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा तपासणीसाठी जर्मनीला नेला. उत्तर आलं, चालणार नाही.

इथे थांबून विचार करा. लाकडाच्या कोळशावर गावच्या भट्टीत लोखंड होत होतं, मग खाणीतल्या कोळशावर का नाही? कारण आपण "कोळसा म्हणजे कार्बन" असं पाठ केलेलं असतं. ते खरं नाही. दगडी कोळसा मूलद्रव्य नाही, एखादं संयुगही नाही. ते मिश्रण आहे. कार्बन आहे, पण हायड्रोजन, ऑक्सिजन, गंधक, नायट्रोजन यांची किचकट संयुगं आहेत, ओलावा आहे, आणि कधीच न जळणारी माती आहे जी राख होऊन उरते. मिश्रण म्हटलं की प्रमाण ठरलेलं नाही. झरियाचा कोळसा वेगळा, वरोऱ्याचा वेगळा.

मोठ्या झोतभट्टीला नुसता जळणारा कोळसा पुरत नाही. तिला कोक लागतो. काही जातींचा कोळसा हवा बंद करून तापवला की आधी मऊ होतो, मग फुगून घट्ट, सच्छिद्र ढेकूळ बनतो. तो कोक. भट्टीत वरून टनावारी खनिज पडतं, त्याचा भार सोसून कोकला उभं राहावं लागतं, आणि मधल्या फटींतून गरम वायू वर जायला हवा. वर्धा खोऱ्यातला आपला कोळसा असा चिकटत नाही. ओलावा जास्त, राख जास्त, तापवला की भुगा. वीज करायला उत्तम, आज दुर्गापूरचं २९२० मेगावॉटचं वीजकेंद्र अशाच कोळशावर उभं आहे. पण कोक म्हणून शून्य.

सरकारच्या खाणकामाच्या अटीही जाचक होत्या, त्यामुळे जमशेटजींनी तेव्हा नाद सोडला. वीसेक वर्षांनी त्यांचे चिरंजीव दोराबजी भूवैज्ञानिक वेल्ड यांना घेऊन पुन्हा चांद्यात फिरले, पुन्हा जमलं नाही. तेव्हाचा एक किस्सा मला फार आवडतो. हे सांगायला दोराबजी नागपूरला एका अधिकाऱ्याला भेटायला गेले. साहेब जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला समोरच्या म्युझियममध्ये शिरले. तिथे भिंतीवर भूगर्भाचा नकाशा होता, आणि दुर्ग जिल्ह्यात लोहखनिजाची खूण. ते धल्ली-राजहरा, ज्याचं खनिज आज भिलाईला जातं. शेवटी कारखाना तिथेही झाला नाही. मयूरभंजचं खनिज आणि झरियाचा कोळसा असं जमलं, १९०७ मध्ये कंपनी निघाली, १९१२ मध्ये साकचीला पोलाद आलं. त्या साकचीचं पुढे जमशेदपूर झालं.

जमशेदपूर चंद्रपुरात का झालं नाही याला एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. अटी होत्या, साठ्याचा आकार होता. पण आमच्याकडच्या मातीत कार्बन होता आणि तरी तो कामाचा नव्हता, याचं कारण तो मिश्रणातला कार्बन होता. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे वरोऱ्याचा कोळसा नापास झाला?" नापास नाही गं. परीक्षाच दुसरी होती. आता स्पंज आयर्न नावाची पद्धत आहे. त्यात खनिज वितळवतच नाहीत. फिरत्या लांब नळीसारख्या भट्टीत हजारेक अंशांवर साधा, न चिकटणारा कोळसा आणि खनिज सोबत फिरवतात. ऑक्सिजन निघून जातो, ढेकूळ घनच राहतं, आणि ऑक्सिजन जिथे होता तिथे बारीक भोकं पडतात, म्हणून स्पंज. घुग्घुसला असा कारखाना आहे, आणि सुरजागडचं खनिज आज याच वाटेने जातं. सुरजागडच्या डोंगरावर माडिया लोकांचा ठाकूरदेवही आहे, जंगलही आहे. त्या डोंगराचं काय करायचं हे केमिस्ट्री ठरवू शकत नाही. तो वेगळा भाग होईल, आणि तो तिथल्याच कुणीतरी बोलावा असं मला वाटतं.

तिसरा डबा, मूलद्रव्य, राहिलाच. व्याख्या सोपी वाटते: ज्याचे आणखी साधे पदार्थ करता येत नाहीत ते. पण "करता येत नाहीत" कुणाला? गडचांदूर, आवारपूरकडे सिमेंटचे कारखाने आहेत कारण तिथे चुनखडी आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चुनखडी संयुग, हे उघड झालं. पण तो चुना? त्याला कितीही भाजा, काही होत नाही. म्हणून लव्हॉझिएसारख्या माणसाने १७८९ च्या आपल्या यादीत चुना मूलद्रव्यांमध्ये घातला होता. १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने वीज वापरून चुन्यातून कॅल्शियम धातू सोडवला आणि चुन्याचं नाव त्या यादीतून कटलं. आगीने जमलं नाही ते विजेने जमलं. हत्यार बदललं की डबा बदलला. पण आज मूलद्रव्य कोणतं हे अणूच्या केंद्रातले प्रोटॉन मोजून ठरतं, त्यामुळे हा गोंधळ उरलेला नाही.

आता मोह. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे कृती सांगणार नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना माझी गरजही नाही. फक्त दोन पायऱ्यांतला फरक बघा. मोहफुलांत साखर असते. ती आंबते तेव्हा यीस्ट साखर मोडून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. ही रासायनिक क्रिया, जुनं संयुग गेलं, नवीन आली. नंतर भट्टी लावतात तेव्हा नवीन काहीच बनत नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, म्हणून आधीच्या वाफेत अल्कोहोल जास्त येतं. हे नुसतं वेगळं करणं. लोक "पहिल्या धारेची, एकदम शुद्ध" म्हणतात. शुद्ध कसली? नुसत्या उकळण्याने वजनाने ९५-९६ टक्क्यांच्या पुढे कितीही चांगली प्रयोगशाळा जाऊ शकत नाही, तिथे दोन्ही मिळूनच उकळतात. आणि कुणी भेसळीत मिथेनॉल घातलं असेल तर ते दिसायला तसंच, पाण्यासारखं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलने. डोळ्यांनी आणि जिभेने मिश्रण ओळखता येतं हा भ्रम जीवावर बेततो.

आणि हाच भ्रम आपण रोज पाण्याच्या बाबतीत बाळगतो.

"आमच्या बोअरचं पाणी एकदम शुद्ध आहे, काचेसारखं." हे वाक्य मी चंद्रपूर जिल्ह्यात कितीदा ऐकलंय याला गणती नाही. पाणी संयुग, बरोबर. पण बोअरचं पाणी संयुग नाही. ते मिश्रण आहे. खडकातून झिरपताना त्यात काय काय विरघळतं, आणि विरघळलेलं दिसत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. लहानपणी ते पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, आणि वर्षानुवर्षं खूप जास्त प्रमाणात पोटात गेलं तर हाडं, सांधे आखडतात. कंबर वाकते. गावात लोक त्याला वय झालं म्हणतात.

गावात "पाण्यात फ्लोरिन आहे" म्हणतात. बोलायला ठीक, पण फ्लोरिन हे मूलद्रव्य म्हणजे फिकट पिवळा, भयंकर विषारी वायू. तो इतका तापट की १८८६ पर्यंत कुणाला मोकळा करता आला नव्हता, मोयसाँने तो केला आणि त्याला पुढे नोबेल मिळालं. बोअरमध्ये तो नसतो. तिथे फ्लोराइड असतं, खनिजांतून सुटून पाण्यात विरघळलेलं. वायू असता तर उडून गेला असता, गाळ असता तर खाली बसला असता. विरघळलेलं क्षार असल्यामुळे दोन्ही होत नाही.

आता डब्याचा उपयोग बघा. फडक्याने गाळा, फ्लोराइड फडक्यातून पाण्यासोबत जातं. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवा, तेवढंच राहतं. उकळा, तर उलट वाढतं! लिटरला २ मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं दोन लिटर पाणी उकळून एक लिटर केलं, तर पाणी उडालं, फ्लोराइड नाही उडालं. आता लिटरला ४ मिलिग्रॅम झालं. उकळणं जंतूंसाठी उत्तम उपाय आहे, ते सोडू नका, पण ते जंतूंसाठीच. ऑनलाइन "यूव्ही प्युरिफायर" घेता तेव्हाही हेच, तो जंतू मारतो, फ्लोराइडला हातही लावत नाही. आरओ काढतो, पण त्याच्या दुसऱ्या नळीतून जे पाणी बाहेर पडतं त्यात ते साठलेलं असतं, ते पिण्या-स्वयंपाकाला वापरू नका.

आणखी एक गंमत, खरं तर गंमत नाही. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर फ्लोराइड त्याच्याशी जुळून न विरघळणारं संयुग होतं आणि पाण्यात कमी राहतं. म्हणून ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, भांड्याला पांढरा थर बसतो, त्यात फ्लोराइड अनेकदा कमी असतं. आणि मऊ, गोड लागणाऱ्या पाण्यात जास्त निघू शकतं. चवीवर जाऊ नका एवढंच.

गावपातळीवर एक जुना उपाय आहे, आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने काढलेला. नाव मात्र नालगोंडा पद्धत, कारण तेलंगणातल्या त्या जिल्ह्यात हा प्रश्न मोठा होता. पाण्यात तुरटी आणि चुना घालून ढवळतात, सोबत जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचे कापसासारखे पुंजके तयार होतात, फ्लोराइड त्यांना धरतं, पुंजके खाली बसतात, मग गाळायचं. लक्षात घ्या, आधी विरघळलेल्याला घन बनवलं, आणि मग गाळणी चालली. पण गढूळ पाण्यात आई तुरटीचा खडा फिरवते तेवढ्याने हे होत नाही. तुरटी कितीतरी पट जास्त लागते, आणि किती ते पाणी तपासून ठरतं. घरी अंदाजाने करू नका, ॲल्युमिनियम पाण्यात उरण्याचा धोका असतो.

म्हणजे पहिलं काम तपासणी. ग्रामपंचायतीत विचारा, तुमच्या बोअरचा शेवटचा रिपोर्ट कधीचा आहे. रिपोर्टमध्ये फ्लोराइडची ओळ शोधा. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं, त्याच्या वर नाही. वर असेल तर ते पाणी आंघोळीला, धुण्याला बिनधास्त वापरा. पिण्याला आणि स्वयंपाकाला उघड्या विहिरीचं किंवा नळयोजनेचं पाणी बघा, त्यात बहुतेकदा फ्लोराइड कमी असतं, पण त्याचीही तपासणी करा आणि ते उकळून प्या. घरात आठ वर्षांच्या आतली मुलं असतील तर आधी त्यांचं पाणी बदला. पक्के दात हिरड्यांच्या आत याच वयात तयार होत असतात, आणि एकदा पट्टा आला की तो ब्रशने जात नाही.

नमुना द्यायला जाल तेव्हा हापसा आधी चार-पाच मिनिटं चालवा, मग त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा आणि भरा. बाटली प्लॅस्टिकची घ्या, काचेची नको, फ्लोराइडसाठी प्रयोगशाळावाले तसंच सांगतात. बाटलीवर गावाचं नाव, बोअरची जागा आणि तारीख लिहा.